भरल्या घरातलं म्हातारपण

म्हाताऱ्या आई-वडिलांना कुणी आणि कुठे सांभाळायचं, हा वाद दर सहा-आठ महिन्यांनी नव्याने उकरला जातो. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती त्या आई-वडिलांना द्यायची, असा ठराव लातूर जिल्हा परिषदेने केला, तेव्हा २०२१ च्या सुरुवातीला तो असाच पेटला होता. त्याआधी आसामने २०१७ मध्ये सरकारी नोकरांसाठी तसा कायदाच केला. बातमी आली की दोन फळ्या ठरलेल्या. एक म्हणते, संस्कार संपले, आईबापांना वृद्धाश्रमात टाकतात, बरं झालं, कापा पगार. दुसरी म्हणते, वृद्धाश्रमात वाईट काय आहे, चार समवयस्क भेटतात, वेळेवर जेवण मिळतं, उगाच भावनेचं भांडवल करू नका. मग श्रावणबाळ येतो, पुंडलिक येतो, अमेरिकेतला मुलगा येतो आणि आठवडाभरात सगळे दमून दुसऱ्या विषयाकडे वळतात. म्हाताऱ्या माणसाची खाट कुठे टाकायची, एवढ्यावरच हे भांडण चालतं. त्या खाटेवरून त्याला आपलं आपण उठता येतं का, हे विचारायचं राहून जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. घरी राहणाऱ्या वृद्धांचे दिवस कसे जातील हे मुलांच्या मायेवर जेवढं ठरतं, तेवढंच ते संडासाच्या पायरीवर, कानांवर, दातांवर आणि रात्री घ्यायच्या गोळीवर ठरतं. यातलं बरंचसं घरच्यांना दिसत नाही आणि दिसलं तरी त्याचं काय करायचं ते ठाऊक नसतं. म्हणून पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या घरी, मुलं गुणी असोत की नाठाळ, सरकारी आरोग्ययंत्रणेचं शिकवून तयार केलेलं माणूस ठरल्या दिवशी गेलंच पाहिजे. बाळंतिणीच्या घरी आशाताई जाते, तसं.

आधी आकडे पाहू, कारण या वादात ते कुणी बोलत नाही. आपल्याकडच्या वयस्कांची सर्वांत मोठी पाहणी मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली. २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांशी बोलून ती झाली, अहवाल २०२१ मध्ये आला. साठी ओलांडलेल्यांपैकी एकटे राहणारे त्यात शंभरात सहाच्या आसपास निघाले. बाकीचे जोडीदारासोबत किंवा मुलाबाळांत, आणि बहुतेक मुलाबाळांतच. त्याच पाहणीत वृद्धांपैकी चारांतल्या तिघांना कुठला ना कुठला जुनाट आजार होता आणि दहांतल्या चौघांना काही ना काही अपंगत्व. आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. मुलांजवळ, घरात राहणं हेच उत्तर असतं, तर आपल्या देशातला हा प्रश्न कधीच सुटलेला असायला हवा होता. आपण ज्यांच्याविषयी इतकं तावातावाने भांडतो ते टाकलेले, एकटे पडलेले वृद्ध खरे आहेत, त्यांचं दुःखही खरं आहे. पण ते थोडे आहेत. उरलेल्या प्रचंड बहुसंख्येविषयी, जी 'सुखात घरी आहे' असं आपण गृहीत धरून बसलोय, तिच्याविषयी आपल्याकडे बोलायला शब्दच नाहीत.

माझी आत्या त्या बहुसंख्येतली. तासगावजवळच्या एका खेड्यात राहते, वय ८२. दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं, दारात गाय, मागे द्राक्षबाग. कुणीही फोटो काढून स्टेटसला ठेवावा असं घर. आत्याचं ताट वाढल्याशिवाय सुना जेवायला बसत नाहीत. मागच्या मे महिन्यात चार दिवस तिच्याकडे राहिले, तेव्हा लक्षात आलं की संध्याकाळी पाचनंतर आत्या पाण्याला तोंड लावत नाही. गोळी गिळायला लागेल तेवढा एक घोट, बस्स. मी दोनदा तांब्या पुढे केला तर म्हणाली, "नको गं बाई, रात्री उठायला लागतंय." संडास परसात. मधे तीन पायऱ्या, त्यांतली शेवटची चांगलीच उंच, आणि आधाराला भिंतीतून बाहेर आलेला नळाचा पाइप. रात्री कुणाला हाक मारायची तिला अवघड वाटतं, कारण थोरली सून दिवसभर बागेत राबून मेल्यासारखी झोपलेली असते. त्यापेक्षा पाणीच नको. मे महिन्यातलं तासगावचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पाणी कमी म्हणून पोट साफ नाही, लघवीला जळजळ, सकाळी उठताना भोवळ. भोवळ येते म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून पायांच्या काड्या. रक्तदाबाची गोळी ती न चुकता घेते. ती गोळी तीन वर्षांपूर्वी लिहून दिलेली आहे, आणि बसल्यावरचा दाब उभं राहिल्यावर किती उतरतो हे त्यानंतर कुणी एकदाही मोजलेलं नाही. मोजणार कोण? दवाखान्यात ती खुर्चीवर बसलेली असते.

दात नाहीत. कवळी आहे, ती टोचते म्हणून डबीत. मग दोन्ही वेळा मऊ भात, आमटीतलं पाणी, दुधात कुस्करलेली भाकरी. शेंगदाणे, उसळी, हरभरे, म्हणजे ज्यातून तिच्या अंगाला बळ मिळालं असतं ते सगळं पानातून गेलं. घरच्यांना वाटतं, म्हातारपणी हलकं खावं. वर चतुर्थी, एकादशी आहेतच. आणि कान. गेली चार वर्षं तिला नीट ऐकू येत नाही. जेवताना सगळे हसले की तीही हसते, क्षणभर उशिरा. त्या घरात चार दिवस मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे क्षणभर उशिराचं हसू.

या घरात गुन्हेगार कोण? पगार कुणाचा कापायचा?

पाणी न पिण्यापासून पाय वाळण्यापर्यंतच्या या साखळीचा शेवट पडण्यात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल हेच येतं आणि त्यात सर्वांत मोठा वाटा साठीपुढच्यांचा असतो. आपल्याकडे मात्र 'मोरीत पाय घसरल्याचं निमित्त झालं' असं म्हणून विषय मिटतो. निमित्त! खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक तरी वर्षभरात जातो, असं देशोदेशीचे अभ्यास सांगतात. जे वाचतात त्यांच्यातलेही बरेच पूर्वीसारखे चालत नाहीत. पलंगाला खिळण्याचा परिणाम किती झपाट्याने होतो हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात दिसलं होतं. सरासरी ६७ वर्षांच्या, धडधाकट अशा बारा माणसांना दहा दिवस फक्त झोपवून ठेवलं. त्यांच्या पायांचं मांस जवळजवळ एक किलोने उतरलं. दहा दिवसांत, कुठलाही आजार नसताना. आणि आपण आजारी आजीला प्रेमाने काय सांगतो? 'आजी, तुम्ही उठू नका, पडून राहा, आम्ही आहोत ना.'

हे प्रेमाने पाडून ठेवणं जुनं आहे. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ मध्ये मार्जरी वॉरन नावाच्या डॉक्टर बाईंकडे शेजारच्या गरीबखान्याच्या दवाखान्यातले ७१४ रुग्ण सोपवले गेले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेवर, 'आता काही होण्यासारखं नाही' असा शिक्का बसलेले. वॉरनबाईंनी एकेकाला नीट तपासायला सुरुवात केली. कुणाला मुळात काय झालंय हेच कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी पडून राहिल्यामुळेच पांगळं झालं होतं. त्यांनी रुग्णांना उठवलं, बसवलं, चालवलं, भिंतींना रंग दिले, पलंगांची उंची कमी केली, हाताशी कठडे दिले आणि त्यांतले कितीतरी जण आपापल्या घरी गेले. वृद्धांचं वैद्यक ही वेगळी शाखा तिथून उभी राहिली. वॉरनबाईंना जे वॉर्डात दिसलं तेच आज आपल्या माजघरांत आणि वन बीएचकेच्या हॉलमधल्या दिवाणावर आहे. फरक एवढाच की तिथे तपासायला कुणी येत नाही, कारण घरी आहेत म्हणजे बरे आहेत असं ठरलेलं आहे.

आता समोरच्यांचं जे बिनतोड आहे ते मान्य करते. छळ होतो. जमीन नावावर करून घेऊन आईला गोठ्याशेजारी झोपवणारे लोक आहेत, आणि त्यांच्यासाठी कायदा हवाच. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांविषयीचा कायदा म्हणूनच मला मोलाचा वाटतो. प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, महिना १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र रद्दही होऊ शकतं. ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर वाचलं त्यांना विचारा त्याची किंमत. पण कायदा पैसे मिळवून देईल, घर परत मिळवून देईल. भोवळ का येते ते शोधून देईल का? पगारातून कापलेले ३० टक्के आईच्या खात्यात जमा झाले म्हणून तिला पहाटे चारला संडासपर्यंत कोण नेणार? शिवाय तो कायदा जागा होतो ते सगळं बिघडल्यावर, म्हाताऱ्या आईने पोटच्या पोराविरुद्ध अर्ज केल्यावर. आत्या असा अर्ज कधी करणार नाही. तक्रार करण्यासारखं तिच्याकडे काही नाही.

संस्कारांची बाजूही मी थट्टेवारी नेणार नाही. माया ही औषधासारखीच लागते आणि ती सरकार पुरवू शकत नाही. पण आपण ज्या गोष्टींवर वाढलो त्या एकदा नीट ऐकाव्यात. श्रावणाचे आई-वडील आंधळे होते, तो एकटा त्यांना कावडीतून वाहत होता. सेवेत कसूर काहीच नव्हती. त्याला चुकून एक बाण लागला आणि मागोमाग दोन्ही म्हातारी माणसं गेली. सगळा भार एकाच खांद्यावर टाकलेल्या व्यवस्थेची ही गोष्ट आहे, आणि आपण ती आदर्श म्हणून मुलांना सांगतो! आपल्या राज्य सरकारने तर वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला श्रावणबाळाचंच नाव दिलंय. पैसे सरकारी तिजोरीतून जातात, नाव मात्र लेकाचं. कर्तव्य मुळात घरच्यांचं, आम्ही फक्त हातभार लावतोय, हे त्या नावातच लिहिलेलं आहे.

आणि तो खांदा असतो कुणाचा? बहुतेक घरांत सुनेचा, नाहीतर माहेरी परत आलेल्या लेकीचा. आज ८५ च्या सासूला उठवणारी सून साठीला टेकलेली असते. तिचे स्वतःचे गुडघे गेलेले, पाठीला पट्टा. उचलायचं कसं, कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, हे तिला कुणी कधी शिकवलेलं नाही. शहरांत ज्यांना परवडतं ते ब्युरोला फोन करतात आणि बारा तासांसाठी एक मावशी येतात. चांगल्या असतात, कधी नसतात. त्या काय शिकल्यात हे ब्युरोवाल्यालाही धड माहीत नसतं. अशा घरपोच सेवा देणाऱ्यांवर काही नियम असावेत अशी तरतूद २००७ च्या कायद्याच्या दुरुस्ती विधेयकात होती. ते डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. त्यावर कुठे वाद पेटल्याचं आठवतं कुणाला?

'पूर्वी असं नव्हतं' हे या वादातलं हुकमी वाक्य. खरंच नव्हतं, कारण पूर्वी इतकी म्हातारी माणसंच नव्हती. १९५१ मध्ये देशात साठीपुढचे सुमारे २ कोटी होते, २०११ च्या जनगणनेत ते १० कोटींच्या वर गेले. ऐंशीची आजी ही पूर्वी गावात दोन-चार घरांत असायची आणि पडली की न्यूमोनियाने पंधरा दिवसांत सुटायची. दहा-दहा वर्षं पार्किन्सनने थरथरत किंवा माणसं विसरत जगणं ही आपल्या एकत्र कुटुंबाला फारशी माहीतच नसलेली गोष्ट आहे. आणि त्या एकत्र कुटुंबात तरी म्हातारपण कुणाचं सुखाचं होतं? ओसरीवर तक्क्याला टेकून बसलेल्या आजोबांचं. केशवपन केलेली, एका वेळच्या जेवणावर राहून सगळ्यांचं सोवळं-ओवळं सांभाळणारी विधवा आजी त्या चित्रात मागे कुठेतरी चुलीपाशी होती. धोंडो केशव कर्व्यांना १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढावा लागला तो काही एकत्र कुटुंबं मोडल्यामुळे नाही. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं निराधार वृद्धांचं घर, आजचं 'निवारा', दीडशेहून अधिक वर्षांचं आहे. वृद्धाश्रम हे अमेरिकेहून आलेलं फॅड आहे म्हणणाऱ्यांनी एकदा त्या फाटकाशी जाऊन यावं.

मग करायचं काय? याचं उत्तर आपल्याच राज्यात पडून आहे. नव्वदच्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. तेव्हा शहाण्यांचं मत काय होतं? जंतुदोष झालेलं बाळ म्हणजे रुग्णालयाचंच काम, जेमतेम शिकलेल्या गावातल्या बायकांच्या हाती ते कसं देता येईल? या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, ३९ गावांत त्या घरोघर गेल्या, बाळाचा श्वास मोजला, वजन केलं, अंगाचा गारठा पाहिला, वेळ पडली तेव्हा इंजेक्शन दिलं. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११ मध्ये केंद्राने घरभेटींचा तो नमुना देशभर आशांमार्फत सुरू केला. आज बाळ जन्मलं की ४२ दिवसांत आशा सहा-सात वेळा घरी येते. आई चांगली आहे की वाईट, हे कुणी विचारत नाही. आईच्या मायेवर कुणाचा संशय नसतो आणि तरी तिच्या एकटीवर बाळाचा जीव सोपवून आपण बसत नाही. मग आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला एवढा शहाणपणा का सुचू नये?

कागदावर तो थोडासा सुचलेलाही आहे. तिशीपुढच्यांच्या तपासणीसाठी आशांना जो फॉर्म भरायला देतात त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभं राहताना, चालताना तोल जातो का? आंघोळीला, कपडे घालायला, संडासला जायला कुणाची मदत लागते का? जवळच्यांची नावं विसरता का? नेमके हेच विचारायला हवेत. उत्तर 'हो' आलं तर मात्र त्या माणसाला डॉक्टर असतील अशा जवळच्या केंद्रात पाठवायचं. म्हणजे ज्याला मोरीपर्यंत चालवत नाही त्याने आरोग्य केंद्रापर्यंत यायचं.

घरभेटींवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप, आशांवर आधीच किती लादणार? बरोबर आहे. लसीकरणापासून साथीच्या सर्वेक्षणापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात, आणि मानधन वेळेवर मिळावं म्हणून त्यांना रस्त्यावर बसावं लागतं. म्हणून हे काम आशांच्या यादीत आणखी एक ओळ म्हणून घालायचं नाही. त्यासाठी वेगळी माणसं, वेगळा पगार, निदान सहा महिन्यांचं शिक्षण. केरळने ते करून दाखवलंय. २००८ च्या धोरणानंतर तिथल्या पंचायतींनी पगारी नर्स नेमून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पाठवायला सुरुवात केली, सोबत गावातले स्वयंसेवक. आपल्या जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका बनवलं. माणसं तयार होत नाहीत, ही सबब निदान महाराष्ट्राने तरी सांगू नये.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. परदेशांत अशा घरभेटींचा उपयोग झाला का? डेन्मार्कने नव्वदच्या दशकात ७५ वर्षांवरच्यांसाठी त्या कायद्यानेच सुरू केल्या, इतरत्रही चाचण्या झाल्या, आणि त्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. नुसतं येऊन, चहा पिऊन, फॉर्म भरून जाणाऱ्या भेटींनी आयुष्य लांबल्याचं दिसत नाही. हे मी लपवणार नाही. पण त्या भेटीत काय करायचं, हे ठरवलं की चित्र बदलतं. तोल सांभाळण्याचे आणि पायांना बळ देणारे व्यायाम नियमित केले तर घरी राहणाऱ्या वृद्धांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, असं जगभरच्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये दाखवलं. कॉक्रेनच्याच २०२३ च्या आढाव्यानुसार घरातले धोके काढून टाकले, म्हणजे कठडा, उजेड, घसरणारी पायपुसणी, उंबरा, तर सुमारे २६ टक्क्यांनी. आणि आधी पडलेल्या किंवा रोजच्या कामाला मदत लागणाऱ्यांमध्ये ३८ टक्क्यांनी. म्हणजे भेट देणाऱ्याच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र हवं तसा गवंड्याचा फोन नंबरही हवा.

पैशांचं काय? पैसे आपण खर्च करतोच आहोत, फक्त हाड मोडल्यावर. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, श्रीमंत असो की गरीब, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. फार चांगली गोष्ट झाली. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर मिळतं. खुब्याची शस्त्रक्रिया त्यात बसते, संडासातला कठडा बसत नाही. राज्याच्या वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या माणसाला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोडची खुर्ची असं काही घ्यायला एकदाच ३ हजार रुपये खात्यावर मिळतात. हेतू उत्तम. पण कुणाला काय लागतं हे पाहायला घरी कोण गेलं? साधी काठी घ्या. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाच्या रेषेपर्यंत तिची मूठ यायला हवी. त्याहून लांब असेल तर खांदा उचलला जातो, आखूड असेल तर माणूस वाकतो आणि तोल आणखी जातो. गावोगाव शिबिरांत वाटलेल्या किती काठ्या अशा मोजून दिल्या असतील? तीन हजारांपेक्षा तीन मिनिटं महाग आहेत, अशी आपली एकूण तऱ्हा.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत मानाचा वाटतो, कारण तो स्वतः वृद्धांचा आहे. 'आम्हाला पेशंट करू नका. घरात कुणी येऊन आमची मोरी तपासायची, आमच्या गोळ्या मोजायच्या, हे कशाला?' पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात हे बोलणं निघालं तेव्हा एक आजोबा म्हणाले, "अहो ताई, मुलाने घरात कॅमेरा बसवलाय, तो न्यू जर्सीतून मला चहात साखर घालताना बघतो. आता सरकारही येणार का?" सगळे हसले, मीही हसले, पण ते खरंच बोलत होते. नको म्हणायचा हक्क त्यांना हवाच. तपासणाऱ्याने दारात उभं राहून 'येऊ का' असं विचारलंच पाहिजे. आणि विचारायचं ते रक्तातली साखर किती आहे याआधी, 'तुम्हाला काय करावंसं वाटतं आणि ते कशामुळे जमत नाही?' असं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हातारपणातल्या आरोग्याची व्याख्या अशीच केली आहे. रोग नसण्यावर त्यांचा भर नाही. माणसाला जे मोलाचं वाटतं ते करता येणं, याला ते आरोग्य म्हणतात. कुणाला ते शनिवारी मारुतीला जाणं असेल, कुणाला कट्ट्यावर राजकारणावर तोंड टाकणं, कुणाला लेकीकडे एक रात्र राहणं.

ऑगस्ट २०२२ मध्ये एसटीने ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट केला तेव्हा काय झालं आठवा. आजी-आजोबा सुसाट सुटले. पंढरपूर, जोतिबा, तालुक्याला सहज चक्कर. लोकांनी थट्टा केली, 'काम नाही धाम नाही, हिंडतायत.' माझ्या मते वृद्धांच्या आरोग्यासाठी या राज्यात अलीकडे झालेलं ते सर्वांत चांगलं काम आहे, आणि ते आरोग्य खात्याने केलेलंच नाही! फक्त बसची पहिली पायरी होती तेवढीच उंच राहिली. ज्यांना ती चढता येते तेच हिंडतात. शहरांत तीच गोष्ट लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली सोसायट्यांची. पुनर्विकासाची बोलणी दहा वर्षं चालतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तेवढी वर्षं गॅलरीतून जग बघतात.

जुलैत पुन्हा आत्याकडे गेले. मुलांना दोष देण्यासारखं काही नव्हतंच, सांगितल्याबरोबर त्यांनी केलं. गवंड्याने एका सकाळीत उंच पायरीच्या दोन केल्या, लोखंडी नळीचा कठडा बसवला. रात्रीसाठी तिच्या खोलीत कमोडची खुर्ची आली. पहिले आठ दिवस तिने तिच्यावर घडी करून साड्या ठेवल्या, मग धाकट्या सुनेने काय जादू केली कोण जाणे, वापरायला लागली. डॉक्टरांनी उभं करून दाब मोजला आणि गोळी निम्मी केली. तांब्या आता उशाशी असतो. कानाचं यंत्र मात्र जमलं नाही. ते घेतलं सांगलीहून, पहिल्या दिवशी लावलं तर भांड्यांचा, पंख्याचा, गाईच्या साखळीचा आवाज एकदम कानात घुसला आणि आत्या घाबरली. यंत्राचा आवाज माणसाच्या कानाप्रमाणे तीन-चार वेळा बसवून घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येक वेळी सांगलीला, एसटीने, त्या पायरीवरून. घरी येऊन बसवून देणारं कुणी नाही. यंत्र देवघराच्या खणात, कापसाच्या वातींशेजारी ठेवलेलं आहे.